पाऊण तासाचं अंतर

सोमवार, दि. ९

चि. ठमीस,

आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र पायलटच्या खिशातून पाठवतोय. बुधवारी तिकडे उतरला की तुझ्या तिकीट काउंटरवर आणून देईल. भला माणूस आहे, चहा पाज.

मी ठीक. आगीचा बंब आणि मी, दोघंही म्हातारे झालो, पण विमान उतरताना अजून इंजिन चालू ठेवून धावपट्टीच्या कडेला उभे असतो. इतक्या वर्षांत एकदाही आग लागली नाही. "फुकटचा पगार खाता," असं तुझी आई म्हणते.

तिच्या तब्येतीबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. तेव्हा मी विमानाबद्दलच लिहितो.

तुझ्या गावाहून इथे हवेतून अडीचशे किलोमीटर, पाऊण तास. वारा पाठीशी असला तर त्याहून थोडं कमी. रस्त्याने डोंगराला वळसा घालून दोन दिवस. हे तुला मी काय सांगावं! पण हल्ली घरात मला रोज विचारणा होते, "आज वारा कुठून आहे?" एकदा मी म्हटलं, "रुसलेल्या माणसाने कशाला चौकशी करावी?" तर म्हणाली, "मी वाऱ्याची चौकशी करतेय," आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, अशा तुम्ही मायलेकी.

"गेलीस तर पुन्हा या दारात येऊ नकोस," हे ती रागाच्या भरात बोलली. पाऊण तासावर तर आहे, येईल आठवडाभरात, असं तिला वाटलं. पाऊण तासावर तर आहे, कधीही जाता येईल, असं तुलाही वाटलं असेल. याच भरवशावर दोन वर्षं गेली. खरोखर लांब असतीस तर लवकर आली असतीस.

पलंग पुढच्या खोलीत आणलाय. तिथून धावपट्टी दिसते. डॉक्टर रोज घरी चहाला येतात आणि चहा न घेताच जातात. बघ, मी शपथ मोडलेली नाही.

आता विमानाची बातमी, तुला काउंटरवर कळली असेलच. प्रवासी मिळत नाहीत म्हणून सेवा बंद होतेय. या शुक्रवारचं विमान शेवटचं. घरात मी हे सांगितलेलं नाही. एक दिवस धुकं सांगेन, एक दिवस वारा. फार दिवस खोटं बोलावं लागणार नाही, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटतं. मला भीती वाटते, ठमे. एकट्याला फार भीती वाटते.

विमान इथे अर्धा तास थांबतं आणि परत फिरतं. अर्ध्या तासात कुणाचाही रुसवा निघत नाही, तुम्हा दोघींचा तर मुळीच नाही. म्हणून शुक्रवारी ये, आणि परतीचं तिकीट काढू नकोस. जाताना रस्त्याने जाऊ. दोन दिवस लागले तर लागू देत. मीही तुझ्याबरोबर येईन. तोवर मला इथे कोणासाठी थांबायचं उरलेलं नसेल.

तुझे
आई-बाबा

(तिचंही नाव मीच लिहिलं. तिला आता पेन धरवत नाही.)