तळ्याकडच्या गल्लीतील पांढऱ्या बावट्यांबाबत

प्रति,
माननीय ग्राम निलधारी साहेब,
ग्राम निलधारी (गाव-अधिकारी) कार्यालय,
हल्मिल्लवत्त.

अर्जदार : डब्ल्यू. पियतिलक, वय ६८, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, राहणार तळ्याकडची गल्ली.

विषय : राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या भेटीदिवशी अर्जदाराच्या दारापर्यंत पांढरे बावटे लावून मयताचा बनाव करणाऱ्या इसमाची चौकशी होण्याबाबत.

संदर्भ : मरणाधार समितीची अर्जदारास आलेली दि. ५ ऑक्टोबर २००५ ची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार गेली बारा वर्षे गल्लीच्या मरणाधार समितीचा भांडारप्रमुख आहे. समितीचे दोन तंबू, साठ खुर्च्या आणि दोरीत ओवलेले कापडी पांढरे बावटे अर्जदाराच्या मागच्या खोलीत कुलपात असतात. कुणाकडे मयत झाले की नाक्यापासून त्या घरापर्यंत बावटे लागतात आणि ते बघून माणसे येतात. मयताशिवाय एक खुर्चीही बाहेर जात नाही, असा नियम आहे. अर्जदाराने तो सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातही मोडलेला नाही. अशा माणसावर आज लबाडीचा आळ आहे आणि येत्या पौर्णिमेच्या बैठकीत त्याचे नाव समितीतून कमी करण्याचा ठराव यायचा आहे. नाव कमी झाले की अर्जदार अथवा त्याची पत्नी गेल्यावर खांदा द्यायला गल्लीतले कुणी येणार नाही, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

२. वादाचे मूळ असे. समोरचे भातगिरणीवाले श्री. विमलदास यांनी उमेदवार माननीय कुलसूरिय यांना आपल्या घरी येण्याचे निमंत्रण दिले. कुलसूरिय आले तर तळ्यावर पूल होईल, असे त्यांचे म्हणणे. अर्जदाराचे म्हणणे असे की हेच गृहस्थ उपमंत्री असताना याच तळ्याकाठी उभे राहून हाच पूल तोंडी देऊन गेले होते. यावरून गल्लीचे दोन तट पडले. चाळीस वर्षे कुंपणावरून फणसाची भाजी देणाऱ्या बायका एकमेकींना बघून खिडक्या लावून घेऊ लागल्या.

३. भेटीच्या चार दिवस आधी श्री. विमलदास खुर्च्या मागायला आले. अर्जदाराने नियम सांगितला. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे मास्तर, कुणीतरी मेल्याशिवाय तुम्ही खुर्ची देणार नाही?" अर्जदार म्हणाला, "नाही." त्यावर ते फाटकातून बाहेर पडता पडता म्हणाले, "मग बघतोच, कोण मरतंय ते." हे शब्द त्यांच्या बायकोने आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी ऐकले आहेत. चौकशीच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहेत.

४. रविवार दि. २ रोजी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त होता. श्री. विमलदास यांच्या दारी समई, दूधभात, केळीचे घड आणि चाळीस माणसे तयार होती. नारिंगी कागदी पताका फक्त त्यांच्या अंगणात होत्या. परंतु नाक्यापासून अर्जदाराच्या फाटकापर्यंत समितीचे पांढरे बावटे लागलेले होते. अर्जदार त्या वेळी मागच्या विहिरीवर अंघोळ करत होता. उमेदवारांनी बावटे पाहून गाण्याचा भोंगा बंद करवला, ते गाडीतून उतरले आणि श्री. विमलदास यांच्या दूधभाताकडे मान न वळवता, फाटकाशी चपला काढून अर्जदाराच्या घरात शिरले. त्यांनी अर्जदाराच्या पत्नीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "अम्मे, सोसायला हवं. दुसरं काय आहे आपल्या हातात?"

५. कमरेला गुंडाळलेल्या ओल्या सरोंगमध्ये अर्जदार पुढे आला. उमेदवारांनी विचारले, "गेले ते आपले कोण?" अर्जदाराच्या तोंडून शब्द गेला, "थोरला." तो का गेला, याचा खुलासा अर्जदारास आजही करता येत नाही. अधिकारी माणसाने प्रश्न विचारला की उत्तर देण्याची छत्तीस वर्षांची सवय, एवढेच कारण सुचते. उमेदवार काही वेळ बसले आणि निघून गेले. मयताच्या घरून अंघोळ केल्याशिवाय मंगलकार्यात जाता येत नाही, त्यामुळे ते समोर गेलेच नाहीत. दूधभात दुपारी कावळ्यांनी खाल्ला.

६. आता श्री. विमलदास सांगत फिरतात की पूल नको म्हणून मास्तरांनी खोटे मयत उभे केले. समितीचे सचिव म्हणतात, "किल्ली तुमच्याच कमरेला, मास्तर. मग बावटे काय उडत आले?" अर्जदाराने स्वतः बारकाईने तपास केला असून त्यात पुढील संशयास्पद बाबी आढळल्या. पहिली, बावटे जेमतेम छातीच्या उंचीवर बांधले होते. श्री. विमलदास सहा फूट असल्याने संशय आपल्यावर येऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम वाकून बांधले असणार. दुसरी, गाठी सरळ नसून फुलासारख्या आहेत. भातगिरणीत पोती बांधणाऱ्याला अशा गाठी येत नसतील असे भासवण्याचा हा डाव दिसतो. तिसरी आणि सर्वांत गंभीर, बावटे धुऊन इस्त्री केलेले होते. बारा वर्षांत त्यांना कुणी इस्त्री केलेली नाही. एवढ्या थराला जाणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, या विचाराने अर्जदाराने आठ दिवस समोरून आलेला भाताचा दाणाही शिजवू दिलेला नाही. श्री. विमलदास यांची इस्त्री जप्त करून तपासावी.

७. वरील मजकूर काल दि. ९ रोजी लिहून अर्जदाराने कागद टेबलावर ठेवला. आज सकाळी पत्नी श्रीमती मेणिके यांनी तो उभ्याने वाचला. शेवटपर्यंत वाचून त्या म्हणाल्या, "अहो, त्या विमलदासाचं नाव काढा. बावटे मी लावलेत."

अर्जदाराचा विश्वास बसला नाही. त्याने विचारले, किल्ली कशी मिळाली? त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपलात की कमरेची किल्ली काढायला काय लागतं? आदल्या दिवशी धुतले, इस्त्री केली, उजाडताना बांधले. दुखऱ्या खांद्यानं माझा हात तिथपर्यंतच पोचतो."

खाडाखोड केलेला अर्ज ग्राह्य धरत नाहीत, म्हणून वरचे परिच्छेद तसेच ठेवले आहेत. ते सर्व खोटे समजावेत. श्री. विमलदास निर्दोष आहेत.

८. आपणांस ठाऊक आहे, तरी कागदावर असावे म्हणून लिहितो. अर्जदाराचा थोरला मुलगा उपुल, वय १९, यास सोळा वर्षांपूर्वी सरकारने तरुणांचे बंड मोडले त्या धरपकडीत बसथांब्यावरून बिननंबरच्या गाडीतून नेले. तो परत आला नाही. प्रेत मिळाले नाही, तेव्हा मयत झाले असे धरता येत नव्हते, म्हणून बावटे लागले नाहीत. पुढे अर्जदार भांडारप्रमुख झाला. पत्नीने तीन वेळा बावटे मागितले आणि तिन्ही वेळा अर्जदाराने तिला नियम सांगितला.

आज ती म्हणाली, "गल्लीत एवढी मोठी माणसं येणार होती. म्हटलं, एकदा तरी कुणी माझ्या पोराच्या दारात चप्पल काढून यावं. तेव्हा तर कुणी आलंच नाही. भीतीनं विमलदासाची बायकोसुद्धा आली नाही, बिचारी. कुंपणापाशी उभी राहून रडायची." अर्जदाराला हे माहीत नव्हते. तो तेव्हा पोस्टात शिक्के मारत होता. त्याला फार वाईट वाटते.

९. सबब विनंती अशी की, विषयात मागितलेली चौकशी रद्द करावी. आपण अर्जदाराच्या घरी मृत्यूनोंदणीचा फॉर्म दोनदा आणून दिलात आणि अर्जदाराने दोनदा तो परत केला. तो आता पाठवावा, दोघेही सही करू. नोंद झाली म्हणजे बावटे मयतासाठीच वापरले गेले हे समितीला दाखवता येईल. समितीने तरीही नाव कमी केले तर तक्रार नाही. श्री. विमलदास यांना अर्जदार स्वतः जाऊन सांगेल. त्यांच्या बायकोला पत्नी आजच भेटून आली आणि दोघी अजून मागच्या अंगणात बसलेल्या आहेत.

१०. फॉर्म परत का केला, हेही नोंदवून ठेवतो, कारण आपण तेव्हा विचारले होते आणि अर्जदाराने रागाने दार लावून घेतले होते. मयताच्या घरून निघताना आपल्यात कुणी 'जाऊन येतो' म्हणत नाही, एरवी सगळेच म्हणतात. उपुल त्या सकाळी फाटकातून वळून म्हणाला होता, "तात्ता, जाऊन येतो." अर्जदार तेव्हा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर न करता "हं" म्हटले. मुलगा येतो म्हणून गेला असताना बापाने तो मेला असे सही करून कसे द्यायचे, हे अर्जदाराला कळत नव्हते. अजूनही नीट कळत नाही. तरी फॉर्म पाठवावा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) डब्ल्यू. पियतिलक
उपुलचा वडील

दि. १० ऑक्टोबर २००५

सोबत :
१. मरणाधार समितीची नोटीस.
२. उपुलचा शाळेतला फोटो, एक. फॉर्मला लावून झाल्यावर परत मिळावा, घरात दुसरा नाही.