प्रस्ताव क्रमांक सतरा

गंगापूर रोड, नाशिक
१९ जानेवारी २००८

प्रिय पल्लवी,

संक्रांत करून राखी येवल्याहून परत आली, तेव्हा तू दिलेला तिळाच्या वड्यांचा डबा तिने माझ्या हातात ठेवला. अजून उघडलेला नाही. कारण पुढे कळेलच. आधी लेकीची खुशाली सांगते. खोकला गेला. हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवते, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. रविवारी माझ्याकडे येते, वरण-भातावर तूप वाढून घेते आणि मला ‘मावशी’ म्हणते. सोमवारी वर्गात ‘मॅडम’. तिसऱ्या वर्षाच्या साठ मुलांत माझी आकडेमोड चुकली की हात वर करणारी ती एकटीच. एम.कॉम. करायचं आणि मग मावशीसारखी पीएच.डी. करायची, असं तिने मनाशी ठरवलंय. तुलाही सांगितलं असेल. तू काय म्हणालीस ते ठाऊक नाही, पण तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसतं.

सातपूर कॉलनीत आपल्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. बारावीला तुला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तूही नाही. एकोणिसाव्या वर्षी मनोजभाऊंशी तुझं लग्न झालं, मी पुढे शिकले. राखी दोन वर्षांची झाली तशी तू कारखान्यात लागलीस. स्विचचे पितळी तुकडे कापणाऱ्या प्रेसवर. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, तुझ्या पगारापेक्षा कमी मिळवत होते. त्यावरून तू मला किती चिडवायचीस! “एवढी पुस्तकं वाचून माझ्याहून गरीबच राहिलीस गं.”

पंच्याण्णव साली यादव सरांच्या मार्गदर्शनाखाली मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. कंपन्या मोठ्या खर्चाचे निर्णय कसे घेतात, हा माझा विषय. नवं यंत्र घ्यायचं की जुनंच चालवायचं, हे मालक अंदाजाने ठरवतो की हिशेब मांडून? सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पुस्तकातलं मला सांगू नका, ते मी वाचलंय. कारखान्याच्या आत जा.” आणि आत कुणी घेईना. अंबड-सातपूरच्या चौदा कारखान्यांनी मला गेटवरूनच परत पाठवलं. तुझ्या ओट्यावर बसून मी रडले होते. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तू थेट फायनान्स मॅनेजरच्या केबिनसमोर जाऊन उभी राहिलीस. “साहेब, माझी मैत्रीण डॉक्टर होतेय, पैशांची. तिला कागद बघू द्या.” पैशांची डॉक्टर! ते साहेब हसले आणि मला बोलावणं आलं. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सगळ्यांची नावं आहेत, टंकलेखकाचंसुद्धा. तुझं नाही. विसरले नव्हते मी, पल्लवी. तो प्रबंध बांधून घेताना तुझं नाव लिहायचा मला धीर झाला नाही.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर मी सात महिने त्या ऑफिसात बसत होते. दुपारी तू खाली कँटीनमध्ये माझी वाट बघायचीस, तुझ्या डब्यातली भाकरी आपण अर्धी-अर्धी खायचो. वर माझ्यासमोर फाइल असायची. पाच वर्षांत कुणी कुणी कोणता खर्च मागितला, तो मंजूर झाला की नाही, आणि का. मी त्यांना क्रमांक दिले होते. सतराव्या क्रमांकाचा अर्ज धोंडीराम फोरमनचा होता. आठवतात ना? जाड भिंगाचा चष्मा, सगळ्या बायकांना ‘ताई’ म्हणायचे. त्यांनी मोडक्या इंग्रजीत पान-दीड पान लिहिलं होतं. अकरा प्रेस पायाच्या पेडलवर चालतात, त्यामुळे काम करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि एखादा हात आत असतानाही प्रेस खाली येऊ शकते. म्हणून पेडल काढून दोन बटणं बसवावीत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस हलणारच नाही.

पुढचं लिहायला तीन दिवस लागले. काल दोन पानं फाडली.

तो अर्ज अजून नाकारलेला नव्हता. उलट मालक तोंडी म्हणाले होते, “बायका बसतात तिथे, करून टाका.” साहेबांनी मला बोलावून ते सांगितलं आणि म्हणाले, “बघा मॅडम, तुमच्या अभ्यासासाठी बरं उदाहरण आहे. मालकांनी असंच बोलून टाकलंय. तुमची पद्धत काय म्हणते?” मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘मॅडम’ म्हणून मत विचारत होतं. मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, त्या अर्जाच्याच मागच्या कोऱ्या बाजूला गणित मांडलं. तुला समजेल असं सांगते, अवघड काही नाही. आज घातलेले पैसे पुढच्या वर्षांत काय मिळवून देतील ते लिहायचं, पुढच्या रुपयाला आजच्यापेक्षा कमी किंमत द्यायची, आणि बेरीज शून्याच्या वर गेली तर ‘हो’, खाली गेली तर ‘नाही’. बटणांमुळे मिळकत काही वाढणार नव्हती. उलट काम थोडं हळू झालं असतं. फायद्याच्या बाजूला लिहायला एकच गोष्ट होती, टळणारा अपघात. त्याची किंमत काय धरायची? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “औषधपाणी, पेन्शन सगळं विम्यातून जातं. आपल्याला काय, प्रेस दोन दिवस बंद राहील आणि नव्या बाईला शिकवायला तीन आठवडे जातील.” मी लिहिलं. दोन दिवस. तीन आठवडे. पाच वर्षांत एक अपघात धरला. बेरीज शून्याच्या बरीच खाली गेली. खाली मी रेघ मारली आणि लिहिलं, ‘प्रस्ताव नाकारावा’. साहेबांनी कागद फाइलला लावला. “याला म्हणतात शिक्षण,” म्हणाले. त्यानंतर मी जिना उतरून खाली आले आणि तुझ्याबरोबर जेवले. त्या दिवशी तू वांग्याचं भरीत आणलं होतंस.

खरं सांगते, त्या अकरा प्रेसपैकी एकीवर तू बसतेस हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण गणित मांडताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. कागदावर तू कुठे नव्हतीसच. यापेक्षा वाईट मी स्वतःबद्दल काय सांगू?

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मालकांनी आपला शब्द मागे घेतला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘आर्थिकदृष्ट्या परवडणारे नाही.’ ते वाचून मी आनंदाने यादव सरांकडे गेले. मला हवं होतं ते सापडलं होतं. मनाने घेतलेला एक निर्णय शास्त्रीय पद्धतीने बदलला गेला होता! सहावं प्रकरण त्यावरच उभं राहिलं.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतली ती सकाळ मी तुला काय सांगणार. मी सिव्हिलला पोहोचले तेव्हा मनोजभाऊ भिंतीला टेकून उभे होते आणि तुझा उजवा हात पांढऱ्या गोळ्यासारखा दिसत होता. तीन बोटं. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस ते, “राखीला ताप होता गं, माझं लक्षच नव्हतं.” तेच वाक्य तू चौकशीत सांगितलंस आणि त्यांनी तेच लिहून घेतलं. निष्काळजीपणा. तू डाव्या हाताचा अंगठा उठवलास. बारावीला माझ्यापुढे असलेली तू, अंगठा! विम्याची पेन्शन लागली, नोकरी गेली. घरी आल्यावर तू मला एकदाच विचारलंस, “तू वर ऑफिसात बसायचीस. साहेब म्हणतात, या प्रेसबद्दल आजवर कुणी तक्रारच केली नव्हती. खरं आहे का गं?” धोंडीराम फोरमन आदल्या वर्षीच वारले होते. त्यांच्यामागे तुला खरं सांगू शकणारी मी एकटीच उरले होते. आणि मी म्हणाले, “मला काही माहीत नाही.” तू मान हलवलीस, “मग माझंच चुकलं,” असं म्हणालीस आणि मला चहा करायला मनोजभाऊंना सांगितलंस.

त्या आठवड्यात मी यादव सरांकडे गेले होते. अर्धंच सांगितलं. एका कंपनीतली गुप्त माहिती एका कामगाराच्या उपयोगाची असेल तर काय करावं, एवढंच. सर म्हणाले, “गोपनीयतेचं वचन दिलंय ना? ते मोडलंत तर उद्या कुठलीही कंपनी आपल्या विद्यार्थ्यांना उभं करणार नाही.” मग त्यांनी विचारलं, “पण तृप्ती, तुमची काही अडचण आहे का?” मी नाही म्हटलं. सरांना मी दोष देत नाही. पूर्ण सांगितलं असतं तर ते वेगळं बोलले असते, आणि तेच मला नको होतं. प्रबंध द्यायला दहा महिने उरले होते. कंपनीने परवानगी काढून घेतली असती तर सहावं प्रकरण गेलं असतं, त्याच्यामागून पीएच.डी. आणि कायमची नोकरी. वचनाच्या आड मी लपले. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच उदाहरण उचलून धरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच सुमारास तुम्ही सामान टेम्पोत भरून येवल्याला निघालात. मनोजभाऊंच्या घरचे मागावर बसतात, तिथे काहीतरी काम मिळेल म्हणून. पैठणीचा धागा भरायलाही बोटं लागतात, हे तिथे गेल्यावर कळलं असेल तुला. तू एका शब्दाने कधी लिहिलं नाहीस. राखीची फी, तिचे मार्क, माझ्या तब्येतीची चौकशी, एवढंच असायचं तुझ्या डाव्या हाताच्या अक्षरातल्या पत्रांत. गेल्या दहा वर्षांत मी तीनदा येवल्याला येऊन गेले आणि तिन्ही वेळा न बोलता शेवटच्या एस.टी.ने परत आले.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. डिसेंबरच्या सराव परीक्षेत आमच्या सुनील सरांनी एक उदाहरण घातलं होतं. अकरा यंत्रं, दोन बटणं, दोन दिवस, तीन आठवडे. माझ्या छापलेल्या शोधनिबंधातून घेतलेलं. बिचाऱ्यांना वाटलं, मला बरं वाटेल. गठ्ठा तपासायला माझ्याकडे आला आणि त्यात राखीचा पेपर होता. एक पायरी चुकली नव्हती. शेवटी दुहेरी चौकट करून लिहिलं होतं, ‘प्रस्ताव नाकारावा’. तुझ्या मुलीने, पल्लवी. तुझ्यासारख्याच गोल अक्षरात. मी दहापैकी दहा दिले, दुसरं काय करू शकत होते? रविवारी जेवताना तिने विचारलं, “मावशी, ते बटणांचं बरोबर आलं ना?” मी ‘हो’ म्हटलं. मग ती म्हणाली, “आईच्या वेळी असं काही असतं तर बरं झालं असतं ना? पण आई म्हणते तिचंच लक्ष नव्हतं. अजून म्हणते. मला ताप आला नसता तर, असं मलाच कधीकधी वाटतं.” आणि तिने भातावर आणखी तूप मागितलं. तू स्वतःला दोष देतेस हे मला माहीत होतं. पण तुझ्या लेकीनेही तो उचललाय, नऊ वर्षांची असताना आलेल्या तापाचा, हे मला त्या ताटावर कळलं. पुढच्या महिन्यात तिला माझा प्रबंध वाचायचाय. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, हाही माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. सोबत दोन कागद आहेत. एक धोंडीराम फोरमनच्या अर्जाची, तेव्हा अभ्यासासाठी काढून ठेवलेली झेरॉक्स, मागच्या बाजूसकट. ते अक्षर माझं आहे. दुसरं माझं प्रतिज्ञापत्र, काल नोटरीसमोर सही केलेलं. धोका कंपनीला माहीत होता, उपाय मागितला गेला होता, आणि तो नाकारायचं गणित मी केलं होतं, एवढं त्यात आहे. वकिलाला दाखव, कंपनीपुढे ठेव, विद्यापीठाला पाठव, नाहीतर चुलीत घाल. प्राचार्यांना आणि यादव सरांना मी सोमवारी स्वतः जाऊन सांगणार आहे, तुझ्या उत्तराची वाट न पाहता. राखीला काय सांगायचं ते मात्र तू ठरव, तो हक्क मी घेत नाही. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू सवयीने लगेच देऊन टाकशील, म्हणून मागतच नाही. एकच गोष्ट तुला कळायला हवी होती, आणि ती दहा वर्षं मी दाबून ठेवली. त्या सकाळी तू राखीचा विचार करत होतीस, तो कुठल्याही आईने केला असता. प्रेसला दोन बटणं असती तर तो विचार करत करत तुझी शिफ्ट संपली असती आणि तू घरी गेली असतीस. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

तुझीच, आणि हा शब्द तू खोडलास तरी तुझीच,
तृप्ती