माझ्या दोघी इन्स्पेक्टर

कडाव, मंगळवार, १९७८

डोकं अजून तापलेलंच आहे. माझी खुनाची कादंबरी छापायचं बघतो म्हणून पुण्याचे प्रकाशक आज घरी आले. बसण्याआधी खुर्चीवर रुमाल अंथरला. आमची खुर्ची काय उकिरड्यावरून आणली होती?

पोहे संपवून म्हणाले, "बाई, खुनाचा तपास दोन बायका करतात, हे वाचकाला पटायचं नाही. एकीला पुरुष करा. दुसरी त्याची बायको."

म्हणजे तिने चहा करायचा! प्रेत पाहून बायका किंचाळतात म्हणे. गावात मेलेल्या बाईला आंघोळ कोण घालतं? हे रुमालवाले?

आमच्या ह्यांनीही मान डोलावली. एक पान वाचलेलं नाही आणि मान डोलावतात! सासूबाईंना मात्र मी सगळी वाचून दाखवली होती. त्या आतून ओरडल्या, "नाय गं, तुज्या दोघी हायत तशाच ऱ्हाऊ दे!"

मी कागद उचलले. म्हटलं, "नाही छापायची."

गृहस्थ उठले. चपला घालताना घुटमळले. "पण बाई, डॉक्टरला मारलं कोणी? शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय."

"तुमच्या पुरुष इन्स्पेक्टरला विचारा," म्हटलं आणि दार लावून घेतलं.