दोन फळ्या, एक चेंडू आणि ह्यांचा डावा हात

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी टायपिंग क्लास चालवणे व कोर्टाबाहेर बसून लोकांचे कागद टाइप करून देणे, सध्या धंदा नाही, हे मृत्युपत्र माझ्याच मशीनवर माझ्याच बोटांनी लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि माझ्याकडून काही लिहवून घेण्याची या घरात कोणाची छातीही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. इतरांची इतकी केली की स्वतःचे राहून गेले.

त्या कामात एक पाहिले. घर कोणाला द्यायचे ते माणूस दोन ओळींत सांगतो आणि मनात जे सलते त्याची चार पाने करतो. वकील म्हणायचे, "बाई, ती चार पाने गाळा." मी गाळत असे. माझी गाळणार नाही.

१. शुद्धीबद्दल. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी करत सुटले, शेवटी तेच "पुरे पुरे" म्हणाले. एवढा खटाटोप करण्याचे कारण असे की माझे चिरंजीव स्वयंपाकघरात उभे राहून फोनवर कोणाला तरी सांगत होते, "आईचं आता वय झालंय रे. रोज संध्याकाळी बाबांना घेऊन टीव्हीवर चेंडू मारत बसते." मला ऐकू नीट येते, हेही डॉक्टरांनी दाखल्यात लिहावे अशी माझी इच्छा होती. ते हसले, पण लिहिले नाही.

२. चार टाइपरायटर आहेत. त्यांतले तीन, क्लासच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी ज्या मागतील त्यांना द्यावेत. भंगारात घालू नयेत. चौथा, ज्यावर हे लिहीत आहे, तो मुलीला.

३. बँकेतील ठेवी मुलगा व मुलगी यांच्यात समसमान. अंगावरचे सोने मुलीला, सूनबाईंना माझी निळी शाल आणि शिवणयंत्र. सूनबाई गुणी आहे. तिच्याबद्दल या कागदात तक्रार नाही. तिने ती शोधत बसू नये.

४. माझे धाकटे दीर, ज्यांना आम्ही घरात परीक्षक म्हणतो कारण ते आल्या आल्या प्रत्येक गोष्टीला गुण देतात. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, बसच्या नोकरीतला पहिला बोनस खर्चून टीव्हीवरचा तो चेंडूचा खेळ आणला, तेव्हा भावजी दुसऱ्याच दिवशी पाहायला आले. काळा डबा, त्याला वायरने जोडलेले दोन नॉब, आणि टीव्हीच्या पडद्यावर दोन पांढऱ्या फळ्या व मधोमध तुटक रेघ. नॉब फिरवला की फळी वरखाली होते. चेंडू अडवायचा, नाही अडवला तर समोरच्याला गुण. झाला खेळ.

"वहिनी, दोन काड्या आणि एक ठिपका!" भावजी म्हणाले. "याला खेळ म्हणायचं? पोरांचे डोळे जातील. मैदानात पाठवा त्यांना."

मी म्हटले, "भावजी, मैदानातसुद्धा एकच चेंडू असतो. बसा तर खरे."

ते बसले आणि माझ्या लहानग्या मुलीकडून सपशेल हरले. चहा अर्धा टाकून गेले. तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात ते लोकांना सांगत आले की या घरात पोरांना यंत्राच्या नादी लावले आहे. पोरे दोन्ही शिकली, कमावती झाली, डोळे शाबूत आहेत, आणि चष्मा लागला तो भावजींना. त्यांना मी माझ्या मालमत्तेतून काही देत नाही. मात्र येऊन खेळण्याची कायमची मुभा देते. जरा सराव करून यावे.

५. तो खेळ आणि त्याचा जुना, पोट पुढे आलेला टीव्ही. हे कलम लांबेल. ज्याला कंटाळा येईल त्याने चहा करून घ्यावा आणि मग पुढे वाचावे.

त्या खेळाची बाजू मी कधी कोणासमोर मांडली नाही. लोक हसले की मीही हसायचे. आता मांडते. आलेल्या पाहुण्याला तो मिनिटात यायचा. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, त्या एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने नॉब फिरवायच्या आणि जिंकल्या की सुनेकडे बघायच्या. त्यात गोष्ट नव्हती, राजकन्या नव्हती, पुढची पायरी नव्हती. पडदा इतका उघडा की मुलांनी त्यात आपल्या मनाचे भरले. मुलगा म्हणायचा ठिपका म्हणजे रॉकेट, मुलगी म्हणायची उंदीर. ह्यांना विचारले तर म्हणत, "शेवटची बस. चुकली तर गेली." तिघे आपापल्या ठिपक्यामागे धावायचे आणि भांडण एकच व्हायचे.

नातवाचे नवे खेळ मी पाहिले आहेत. त्यात अख्खी शहरे आहेत, पाऊस पडतो, झाडे हलतात. मी मनापासून वाहवा केली. सुंदरच आहेत हो. पण त्याच्या यंत्राला दहाही बोटे लागतात, आणि ह्यांच्याकडे पाच उरली आहेत.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला आता बरेच दिवस झाले. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. "हो", "नाही", "चहा" एवढे राहिले, तेही मर्जी असेल तेव्हा. इतकी वर्षे एवढी मोठी बस गल्लीबोळांतून काढणारा माणूस खिडकीशी बसून राहू लागला. मी काय काय केले. वर्तमानपत्र वाचून दाखवले, रेडिओ लावला, भजी तळली. एक दिवस माळ्यावरून तो डबा काढला आणि डाव्या हाताखाली नॉब ठेवला. एका नॉबला एक हात पुरतो. पहिल्या दिवशी मी जिंकले. त्या आठवड्यातच ह्यांनी माझी दाणादाण उडवली, आणि अर्धे तोंड हसले. मला तेवढे हसणे खूप झाले. मी आत जाऊन रडले, हे कोणाला सांगितले नव्हते.

आता मुलाबद्दल. तो वाईट नाही. बापावर त्याचा जीव आहे, आणि बापाला असे पाहून तो घाबरतो. पण आमच्या घरात या खेळाचा एक नियम होता की मुद्दाम हरायचे नाही. ह्यांनी तो कधी मोडला नाही. मुलगी हरून हरून रडायची, मी म्हणायचे, "अहो, एकदा तरी जिंकू द्या ना पोरीला." हे म्हणत, "हरवेल तेव्हा खरंच हरवेल. खोटं जिंकवून तिला फसवू का?" आणि ज्या दिवशी तिने खरेच हरवले, त्या दिवशी ती अनवाणी पळत जाऊन सगळ्या गल्लीला सांगून आली. हे तिच्यामागे चप्पल घेऊन धावले, तिच्यापेक्षा जास्त खूश.

झटक्यानंतर मुलगा खेळायला बसला आणि त्याने आपली फळी खाली नेऊन ठेवली ती हलवलीच नाही. चेंडूमागून चेंडू सोडत राहिला. ह्यांनी दोनचार गुण होईपर्यंत पाहिले, नॉब खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे केले.

"आई, मी त्यांच्या समाधानासाठी केलं."

"समाधान? अरे, तू त्यांना पाळण्यात घातलंस!"

त्यानंतर तो बापाबरोबर खेळला नाही. भरपाई म्हणून असेल, त्याने भिंतीएवढा नवा चपटा टीव्ही आणला. जुना जिन्याखाली गेला. कुठून तरी जोडणी आणून डबा नव्या टीव्हीला लावला, आणि हे हरू लागले. नुसते हरू लागले असे नाही, चेंडू येऊन गेल्यावर फळी हलायची. दिवसेंदिवस तेच. मग ह्यांनी नॉबला हात लावणे सोडले, जेवण कमी केले. मुलगा हळूच म्हणाला, "आई, बाबांचं डोकंही आता चालेनासं झालंय गं. आपल्याच्यानं हे होणार नाही." आणि तो शुश्रूषागृहात जागा पाहून आला. खिडकी नसलेली खोली होती. स्वच्छ होती, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल.

मीही जवळजवळ मान डोलावली होती. पण त्या दुपारी एकटीच खेळून पाहिले आणि माझेही चेंडू सुटू लागले. माझा जन्म मशीनवर गेला. कळ दाबली की अक्षर उमटलेच पाहिजे, त्यात पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी माझ्या बोटांना खुपतो. इथे नॉब आधी फिरत होता आणि फळी मागून येत होती. नव्या टीव्हीला आलेले चित्र आधी घासूनपुसून मग दाखवायची खोड आहे, असे दुरुस्तीवाल्याने नंतर सांगितले. बातम्या बघणाऱ्याला ते कळत नाही. ह्यांना कळत होते, पण सांगायला तोंड कुठे होते?

समोरच्या शिवणवाल्या वहिनींना हाक मारली, दोघींनी मिळून जुना टीव्ही जिन्याखालून ओढत आणला. कंबर आठवडाभर धरली. त्या संध्याकाळी ह्यांनी मला असे धुतले की मी नॉब आपटला. मुलाला सांगितले तर म्हणाला, "योगायोग असेल." शुश्रूषागृहातली जागा त्याने अजून सोडलेली नाही.

एका टीव्हीच्या आळसावरून आम्ही चांगल्या माणसाला खुळा ठरवत होतो. माझ्या मागे पुन्हा असेच होईल, या भीतीने हे मृत्युपत्र केले आहे. बाकी कलमे भरतीची आहेत.

६. सबब राहते घर, जे माझ्या नावावर आहे, ते मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. परंतु हे हयात असेपर्यंत ते विकू नये, आणि पुढची खोली, खिडकी, जुना टीव्ही व डबा ह्यांच्याकडेच राहावेत. ह्यांनी कुठे राहावे, कोणाच्या हातून खावे, कोणत्या डॉक्टरकडे जावे, हे ठरवण्याचा अधिकार मी माझ्या मुलीला देते. तिला एकटीला देते, कारण ती सुट्टीत येते तेव्हा बापाशी खरे खेळते. वर चिडवते, "काय ड्रायव्हरसाहेब, ब्रेक लागेना वाटतं?" ह्यांचे खांदे गदगदतात. मुलाला वाईट वाटेल. मलाही लिहिताना वाटले.

७. ह्यांचे डोके चालत नाही असे ज्याला म्हणायचे असेल, मग तो मुलगा असो, डॉक्टर असो की भावजी, त्याने आधी जुन्या टीव्हीवर ह्यांच्याशी एक डाव मनापासून खेळावा. मग काय ते म्हणावे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, असलं कलम कोर्टात टिकायचं नाही." मी म्हटले, "कोर्टात कोण चाललंय? माझ्या मुलांना वाचता येतं."

येणेप्रमाणे मी वाचून, समजून, चुका तपासून सही करते. माझ्या मागे कोणी भांडू नये. भांडायचेच असेल तर त्यासाठी घरात दोन नॉब आहेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शिक्क्याप्रमाणे

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही व ज्यांनी त्याबद्दल कुरकुर केलेली नाही:
(सही) तळमजल्यावरचे औषधवाले
(सही) समोरच्या शिवणवाल्या वहिनी

दुरुस्तीबद्दल टीप (हाताने लिहिलेली)

सह्या झाल्यावर मुलाला बोलावून सहावे कलम वाचून दाखवले. मागून कळण्यापेक्षा समोर कळलेले बरे. तो ह्यांच्या शेजारी बसला आणि दुसरा नॉब उचलला.

"बाबा, या वेळी सोडणार नाही हं."

ह्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि नॉबवर हात ठेवला. चेंडू सुरू झाला. साक्षीदार जायला निघाले होते ते दारातच थांबले. डाव अटीतटीचा झाला आणि शेवटचा चेंडू ह्यांच्या फळीवरून निसटला. मुलगा जिंकला. तो घाबरून माझ्याकडे बघू लागला, डोळे भरलेले.

हे म्हणाले, "परत!"

स्पष्ट म्हणाले. झटका आल्यापासून हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. मुलगा रडता रडता हसला आणि त्याने डाव पुन्हा लावला.

करिता सहाव्या कलमात "माझ्या मुलीला" या शब्दांपुढे "व मुलाला" हे शब्द मी पेनने वाढवले आहेत, आणि "तिला एकटीला" पासून कलमाच्या अखेरपर्यंतचा मजकूर रेघ मारून रद्द केला आहे. वाचता येईल अशीच रेघ मारली आहे. माझ्या मशीनवरून खाडाखोडीचा कागद आजवर बाहेर गेला नाही. हा जाऊ दे. दुरुस्तीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. मुलाचीही घ्यावी असे वहिनी म्हणाल्या, पण त्याचा हात मोकळा नव्हता.