हळद-कुंकू लावलेली सावर

३ मार्च १९८६, गागोदे
आला! तोच! डाव्या पायात पिवळं कडं — गेल्या वर्षी मीच घातलेलं. सोनपाठी सुतारपक्षी, नर. ओढ्याकाठच्या सावरीच्या झाडात नवी ढोली कोरलीय, आत मादी अंड्यांवर बसलीय. ओळखीचं माणूस भेटावं तसा आनंद झाला. माझी बायको शकू गेली त्याला दोन वर्षं झाली; तेव्हापासून खऱ्या माणसाला भेटूनही असं झालेलं नाही.

९ मार्च
ढोलीतून चिरचिर. पिल्लं निघाली! पंधरा दिवसांची झाली की कडी घालायची. आत्ता पाय इतके बारीक की कडं गळून पडेल. म्हणजे २४ तारीख.

१४ मार्च
दिवसभरात एकच शब्द बोललो. घरमालकीण धोंडुबाई म्हणाल्या, "भाकरी वाढू?" मी म्हणालो, "नको."

१९ मार्च
सावरीच्या बुंध्याला हळद-कुंकू! गावकीचे महिपती तिथेच उभे होते. झाडाकडे हात करून म्हणाले, "सर, चालंल ना?" मी नुसती मान डोलावली. माझं पाखरू गावानं आपलं मानलं! वाटभर एकटाच हसत आलो.

२२ मार्च
जेवताना धोंडुबाई सहज म्हणाल्या, "यंदा होळीला तुमचीच सावर हाय. झाडाला हळद-कुकू लावून सांगायचं, मंग तोडायचं. महिपतीनं तुम्हाला इचारलंन ना?"
ताट सरकवून उठलो. तसाच महिपतींच्या अंगणापर्यंत गेलो. ओटीवर दहा-बारा माणसं, हसणं-खिदळणं. एवढ्यांसमोर काय सांगू — पाखरासाठी झाड सोडा? परत फिरलो. उद्या ते एकटे असताना बोलेन. नक्की.

२३ मार्च
महिपती दिवसभर रोह्याला. संध्याकाळी आले, पण दारात पुन्हा माणसं. कुंपणाशी तासभर उभा राहिलो. उद्या सकाळी.

२४ मार्च
कडी आणि शिडी घेऊन गेलो. सावर नाही. पहाटेच तोडून नेली. ढोली खोडाबरोबर गेली, तीन पिल्लं तेवढी गवतात पडलेली. गार. नर शेजारच्या ऐनाच्या झाडावर सारखा ओरडत होता. माझ्याच्याने वर बघवेना.
दोन दिवस होते माझ्याकडे. तोंड उघडायला दोन दिवस!

२५ मार्च
होळी लागली. महिपतींनी मला हाताला धरून पुढे नेलं, मानाचा नारळ हातात दिला. "यंदाचं झाड सरांनी दिलंनी!" सगळा गाव माझं नाव घेऊन ओरडला. मी नारळ होळीत टाकला. मग त्यांच्या पंगतीला बसलो, पोटभर जेवलो. आणि — लिहायला लाज वाटते — बरं वाटलं.