सहा चुंबकं, सहा पितळी चकत्या

३ फेब्रुवारी, शनिवार

बाराच्या बारा कबुतरं परत आली! कपाळ माझं.

एक तरी हरवायला हवं होतं. सहा चुंबकवाली, सहा पितळवाली, सगळी तासाभरात एफ्राइनकाकांच्या गच्चीवर हजर. मी आणि यामिल उत्तर किनाऱ्यावरच्या आरेसिबोहून डोंगर ओलांडून दक्षिणेला घरी, सालिनासला पोचलो तोवर सव्वादोन तास झाले होते. काकांनी कबुतरं केव्हाच आत घेतली होती.

"बाराही आली गं पोरी," काका म्हणाले. खूश! मी पण खूश असल्यासारखं दाखवलं. काकांना दिसत नाही, तरी मी तोंड हसरं केलं. सवय.

यामिल गाडीत म्हणाला, "चार तास पेट्रोल जाळलं आणि सिद्ध काय केलं? तर कबुतरं घरी येतात. हे माझ्या आजीला पण माहीत होतं." चुलतभाऊ आहे, पिकअप त्याची आहे. म्हणून ऐकून घेतलं.

पण कारण मला माहितीये. ऊन! सूर्य दिसत असला की कबुतर सूर्यावरून दिशा धरतं. पृथ्वीच्या चुंबकाची त्याला गरजच पडत नाही. सूर्य झाकला की मग ते आतल्या कंपासवर जातं, आणि तिथेच माझं चुंबक घोटाळा करणार. म्हणजे मला ढग हवेत. सालिनासमध्ये, फेब्रुवारीत, ढग! छान.

५ फेब्रुवारी

आज वर्गात मी एकटीच बोलत होते म्हणे. बोलणारच! लोकांना हे माहीत नसतं याचंच मला आश्चर्य वाटतं. आपल्या डोक्यावर पृथ्वीच्या चुंबकाची एक न दिसणारी छत्री आहे. कासवं, ईल मासे, कबुतरं तिच्यावर घरचा पत्ता वाचतात. आणि ही छत्री कायमची नाही! बेचाळीस हजार वर्षांपूर्वी ती जवळजवळ मिटली होती. काही जण म्हणतात की तेव्हा हवामान बिघडलं, जनावरं मेली, माणसं गुहांत शिरली. आणि आजही सगळ्यात विरलेली आहे ती इथेच, आपल्या दक्षिणेला, दक्षिण अमेरिकेवर.

मिस ऑर्टा म्हणाल्या, "काही जण म्हणतात आणि तसं आहे, यात फरक असतो, सुलेइका. तू कुठल्या बाजूला आहेस?"

सगळे हसले. मी म्हटलं, सिद्ध करून दाखवते.

मग त्यांनी हळूच विचारलं, "विज्ञान स्पर्धेच्या फॉर्मवर कबुतरांच्या मालकाची सही घेतलीस?"

६ फेब्रुवारी

सही घेतली.

हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते. फॉर्म मीच वाचून दाखवला. काका खुर्चीत, हातात कॉफी, मान माझ्याकडे. नाव, पत्ता, प्रत्येकाच्या पाठीवर शाळेची छोटी चकती, खोट्या पापण्यांच्या गोंदाने चिकटवणार, गोंद आपोआप सुटतो, सगळं वाचलं. चौथा परिच्छेद गाळला. "निम्म्या चकत्या चुंबकीय असतील व पक्षी भरकटण्याची शक्यता आहे." एवढाच. दोन ओळी.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच, काका."

"चकतीत काही नाही ना?"

"नंबर आहे फक्त."

मी त्यांचं बोट रेषेवर ठेवलं. त्यांनी सही केली, वाकडी, रेषेच्या वर. मग मला केक दिला.

१० फेब्रुवारी

ऊन. ऊन. ऊन.

१३ फेब्रुवारी

पांढऱ्या डोळ्याच्या मादीच्या घरट्यात पिल्लू निघालं! एकच. दुसरं अंडं वांझ.

काकांनी मला फोन करून बोलावलं. पिल्लू तळहातावर ठेवलं माझ्या. पिवळा केसाळ गोळा, डोळे मिटलेले, चोच मोठ्ठी. कुरूप! काका मात्र असे उभे होते जणू चर्चमध्ये बाप्तिस्मा चाललाय.

ही मादी हेरार्दोची, म्हणजे काकांच्या मुलाची. मोठ्या वादळानंतर तीन महिने लाइट नव्हती, तेव्हा गेला तो. श्वासाचं मशीन चालेना. त्याची चाळीस कबुतरं होती. वादळात गेली, आजारात गेली, राहिली ती ही एक मादी. तिचा नर गेल्याच आठवड्यात ससाण्याने उचलला. म्हणजे भरवणारी ती एकटी. काका बाकीच्या कबुतरांना नंबराने बोलवतात. हिला "हेरार्दोची" म्हणतात.

खाली कबुतर-शर्यतीच्या क्लबातला तो जाड्या ओरडला, "एफ्राइन, पिल्लू तुझ्यावर गेलं की काय? डोळे उघडेना!" सगळे खो खो हसले. काका पण हसले. मला नाही आवडलं. पण मी पण थोडं हसले, खरं सांगायचं तर.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ढग! उद्या! उत्तर किनारा पूर्ण झाकलेला, वारा कमी, पाऊस दुपारनंतर. अगदी मागवल्यासारखं!

पण एक अडचण. सात नंबरचा पंख दुखावलाय. अकराच उरली. सहा विरुद्ध पाच चालेल का? चालेल. पण परीक्षक विचारतील. आणि खरं कारण वेगळंच आहे. पिल्लू चार दिवसांचं असताना आई सगळ्यात जोरात घरी उडते. क्लबातले लोक मुद्दाम अशाच माद्या शर्यतीला पाठवतात. अशी आई सुद्धा चुंबक लावल्यावर चुकली, तर मग कोण बोलेल? एकही तोंड उघडणार नाही.

संध्याकाळी गेले. म्हटलं, "काका, हेरार्दोची द्याल?"

"तिचं पिल्लू चार दिवसांचं उद्या."

"दीड तासात घरी येईल. दोन आठवड्यांपूर्वी आठवतं ना? बाराही आली."

काकांनी घरट्याकडे मान वळवली. खाली कुणीतरी जनरेटर चालू केला, त्याचा आवाज.

"तुला नक्की हवीच आहे ती?"

"हो."

"मला काही सांगायचंय का तुला, बाळा?"

"नाही काका. काय सांगणार?"

त्यांनी स्वतः पकडून पेटीत ठेवली. झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी साडेसहा. आरेसिबोच्या धक्क्यावर. आभाळ राखेसारखं. समुद्र पण.

हिच्यासाठी चुंबकाची चकती काढली. ती शांत होती. डोळ्याच्या पांढऱ्या कड्यात काळा ठिपका, माझ्याकडेच. यामिल म्हणाला, "पितळी लाव की हिला. कोण बघतंय?"

कोण बघतंय काय! मी बघतेय ना. कुणाला कुठली चकती, ते नाणं उडवून ठरवायचं असतं. पण हिच्यासाठी मी नाणं उडवलं नाही. सरळ चुंबकच लावलं.

सात वाजता पेट्या उघडल्या. बाराही एकदम वर. (सात नंबरच्या ऐवजी ही, म्हणून बाराच.) दोन घेर मारले, तीन घेर, मग ढगात शिरली. काही समुद्राकडे गेल्यासारखी वाटली. यामिल ओरडला, "अरे इकडे! घर इकडे आहे, मूर्खांनो!"

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. घेर वाढत होते आणि मला आनंद झाला.

सव्वानऊला गच्चीवर पोचलो. काका दारात उभे, दाण्यांचा डबा हातात. "पाच," म्हणाले.

मी आत जाऊन बघितलं. पाच. पाचही पितळी! सहावं पितळवालं नाही. चुंबकवालं एकही नाही. पाच विरुद्ध शून्य!!

मी जिन्यात जाऊन तोंड दाबून उडी मारली. मग वर आले तर काका डबा वाजवत होते. खडखड, खडखड. थांबायचे, ऐकायचे, परत खडखड. तासभर. दुपारी पाऊस आला तरी.

१८ फेब्रुवारी

"पाच," काका म्हणाले. डबा हातातच.

१९ फेब्रुवारी

पिल्लाला भरवायला गेले होते. सिरिंजने, मक्याची पेज. काकांनी दारातच थांबवलं. "मी बघतो त्याचं. तुझा अभ्यास आहे."

यामिल आता मला "खाटकीण" म्हणतो. घरात, सगळ्यांसमोर. आई विचारते, कशाला रे? तो म्हणतो, हुशार आहे ना, म्हणून.

२१ फेब्रुवारी

पिल्लू गेलं.

काका म्हणाले, ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली पुरलं. मी झाडाकडे बघितलं. माती उकरलेली होती. मी "सॉरी काका" म्हटलं. आणखी एक वाक्य तोंडात आलं होतं. अगदी दातांपर्यंत. चौथा परिच्छेद, दोनच ओळी.

काका वाट बघत होते असं वाटलं. मान माझ्याकडे वळवून.

मी म्हटलं, "मला निघायला हवं."

२३ फेब्रुवारी

पेपर लिहून झाला. अकरा पानं, चार आलेख. आलेख इतका सुंदर दिसतो! एक उंच खांब आणि शेजारी काहीच नाही. मिस ऑर्टांनी दोनदा वाचला. "मोजणी कुणी केली?" मी म्हटलं, मालकाने, त्याच क्षणी, आणि मी नंतर पडताळली.

सांगितलं असतं तर? सहीचा फॉर्म खोटा, म्हणजे सगळंच बाद. काकांची मादी काही परत आली नसती. मग दोघांचं नुकसान कशाला? एकाचंच पुरे.

हे वाचून मला स्वतःलाच कसंतरी झालं. तरी खोडत नाही.

२ मार्च, शनिवार

पहिली!!! सगळ्या बेटात पहिली! मे महिन्यात मेनलँडवर फायनल, विमान, हॉटेल, सगळं!

पण नीट लिहायला हवं. मिस ऑर्टांनी सरप्राइज म्हणून एफ्राइनकाकांना आणलं होतं. पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी मांडीवर. मला स्टेजवरून दिसले.

परीक्षक बाईंनी त्यांनाच विचारलं, "तुमची चुंबकवाली सहाही कबुतरं गेली. तुम्हाला आधी कल्पना दिली होती?"

वाटलं, संपलं.

काका उठून उभे राहिले. "मुलीने मला कागद वाचून दाखवला. तिचा आवाज फार स्पष्ट आहे."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. काकांनी पण वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर थांबले. बाईंनी परत विचारलं, "आणि खात्री आहे, सहापैकी एकही आलं नाही?"

"तिने लिहिलंय ना," काका म्हणाले. "मग तसंच."

घरी येताना पिकअपमध्ये ते मध्ये बसले होते, माझ्या आणि यामिलच्या. पदक हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं, परत दिलं.

मला वाचवलं त्यांनी. का? मी इतकी रडले आज. आनंदाने पण.

९ मार्च

ठरवलं. जाऊन सांगणार. फायनल गेली तर गेली. नाही, फायनल नंतर सांगेन. नाही, सोमवारीच.

११ मार्च, सोमवार

गेले. गच्चीवर काका नव्हते. मागच्या कपडे धुवायच्या खोलीतून घुटरघू ऐकू आलं. ती खोली नेहमी बंद असते. मी दार ढकललं.

चुंबकवाली सहाही तिथे. पाठी साफ, काढलेल्या चकत्या दाण्यांच्या पत्र्याच्या डब्याला चिकटलेल्या. पांढऱ्या डोळ्याची त्याच 'पुरलेल्या' पिल्लाला भरवत होती. पिल्लू तिच्याएवढं झालंय, पिसं आलेली, मान तिच्या घशात खुपसून ओरडत होतं.

मागून काका म्हणाले, "सहाही ढगातूनच आली. आठच्या आधी, सगळ्यात पहिली हीच. आता मेमध्ये तिथे हे सांगशील का, बाळा?"