मी शिकवलेली संगीता

७ नोव्हें. २०११, सोम.
निकाल लागला. कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्षी दाखवणाऱ्या पगारी गाइडची जागा संगीताला. सात वर्षं मी झेरॉक्सचं दुकान सांभाळून दर रविवारी फुकट लोकांना फिरवतोय, आणि पक्षिनिरीक्षण संस्थेने निवडलं कुणाला, तर हळद्या कुठला नि तांबट कुठला हे मला विचारणाऱ्या पोरीला. दुर्बीण डोळ्याला कशी लावायची, तेही मीच...
आशा म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याचीच विद्यार्थिनी ना ती?" जेवलो नाही.

९ नोव्हें.
निवड करणाऱ्या संस्थेच्या बाईंना फोन केला. करायला नको होता. "तुमची माहिती भरपूर आहे हो. पण चाचणीच्या फेरीत दोन तास तुम्हीच बोलत होतात. लोकांना पक्षी ऐकूच आला नाही."
दुकानात लक्ष नव्हतं. एकाचा सातबारा मशीनवर उलटा ठेवला, दहा कागद कोरे निघाले.

१० नोव्हें.
संगीता पेढे घेऊन दुकानात. "सर, तुमी रागावलात काय?" छे गं, म्हणालो. ती गेल्यावर पेढा गिऱ्हाइकाला दिला. तिच्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. फोटो छान आलाय. तेही खुपलं.

२० नोव्हें., रवि.
गेलो. टोपी घालून, तिकीट काढून, तिच्या फेरीत सगळ्यांच्या मागे. खरं लिहायचं तर ती चुकावी म्हणून गेलो.
ती एका वळणावर थांबली. ओठांवर बोट. कुणी हलेना. बऱ्याच वेळाने लाजरा शामा पक्षी बोलला, मग समोरच्या फांदीवर येऊन बसला. माझ्या लोकांना शामा इतक्या जवळून कधीच... नाही.
मग एका आजोबांनी शेंड्यावरचा बारका पक्षी विचारला. वाटलं, आता सापडली! ती सरळ म्हणाली, "मला नाय माहीत. पुस्तकात बघून फोन करीन तुमाला." आजोबा खूश. मला तरी कुठे ओळखता आला? पण मी नाव ठोकून दिलं असतं. दिलेली आहेत. किती, ते मलाच ठाऊक.
शेवटी तिने पाहिलंच. "सर, तिकीट कशाला काढलंत?" टोपी काढून हातात घेतली.

२२ नोव्हें.
अजून जळतंय. आशाला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग आता रविवारी घरी बसणार? बरं झालं, माळा साफ करायचाय."

११ डिसें., रवि.
माळा केला नाही. सुकापूरच्या शाळेची मुलं नेली. कमी बोलायचं ठरवलं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. एका मुलीने विचारलं, "काका, हा कोण?" म्हणालो, माहीत नाही. "मग तुम्ही कसले हो पक्षीवाले?" पोरं हसली. लागलं. पण नंतर ती नि मी पुस्तक उघडून बसलो, आणि पर्णवटवट्या तिनेच शोधला. ओरडली अशी, की उरलेले सगळे उडाले.

२ जाने. २०१२, सोम.
उरणच्या पाणथळीसाठी संस्थेला आणखी एक गाइड हवाय. अर्ज भरला. सोबत, अर्जदाराचं काम पाहिलेल्या, संस्थेच्याच एका गाइडचं शिफारसपत्र हवं. माझं काम पाहिलेला असा गाइड एकच.
संगीताला फोन लावला. बदकं आली का, थंडी किती, सगळं बोलून झालं. शेवटी तीच म्हणाली, "सर, तुमाला काय सांगायचंय काय?"
उद्या येतो तिकडे, म्हणालो.
अर्जाची मुदत परवा.